इंदूरचं कोरोना बुलेटिन आणि घरी विलगीकरणाची सेवा: कामाचं काय, नुसतं फॉरवर्ड करण्याचं काय

इंदूर जिल्ह्याचं कोरोना बुलेटिन म्हणजे रात्री उशिरा मोबाइलवर येणारं एक पान. आज किती सॅम्पल आले, किती तपासले, किती निगेटिव्ह, किती पॉझिटिव्ह, किती रिपीट पॉझिटिव्ह, आजवरचे मृत्यू, डिस्चार्ज आणि उपचार घेत असलेले. सोबत वस्त्यांची यादी. २०२० आणि २०२१ मध्ये हे पान वाचल्याशिवाय शहर झोपत नसे. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण २०२५ च्या मे-जूनमध्ये देशात रुग्ण पुन्हा वाढले आणि जुनी पोस्टरं, जुने नियम ग्रुपांवर परत फिरू लागले. म्हणून ही समीक्षा आत्ता. बुलेटिन, घरी राहणाऱ्या रुग्णांसाठीचे फोन आणि सूचना या तिन्हींचा घरातल्या माणसाला नेमका उपयोग किती, एवढंच इथे तपासलं आहे.

आधी बुलेटिन. प्रशासन आणि पत्रकार यांच्यासाठी ते उत्तम होतं. रोज आणि ठरलेल्या साच्यात यायचं, त्यामुळे कालच्या पानाशी तुलना करता यायची. पण बहुतेक लोक त्यातला चुकीचा आकडा वाचायचे. नव्या रुग्णांची संख्या एकटी काही सांगत नाही. ती तपासण्यांच्या संख्येने भागावी लागते. समजा ८,००० नमुने तपासले आणि ४०० पॉझिटिव्ह निघाले, तर प्रमाण ५ टक्के. दुसऱ्या दिवशी ४,००० तपासून ३२० निघाले तर मथळा ‘रुग्ण घटले’ असा येणार, पण प्रमाण ८ टक्के झालेलं असणार. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये हेच प्रमाण सलग दोन आठवडे ५ टक्क्यांच्या खाली असावं असं म्हटलं होतं, आणि जून २०२१ मध्ये मध्यप्रदेशात बाजार उघडतानाही ५ टक्क्यांचीच रेघ धरली होती.

भागाकार करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. ‘आलेले सॅम्पल’ आणि ‘तपासलेले सॅम्पल’ या वेगळ्या ओळी आहेत. भागायचं ते तपासलेल्यांनी. प्रयोगशाळेत काम तुंबलं की आलेले जास्त, तपासलेले कमी, आणि प्रमाण उगाच छोटं दिसतं. दुसरं, रिपीट पॉझिटिव्ह म्हणजे आधीच नोंद झालेल्या रुग्णाची पुन्हा केलेली चाचणी. ती नव्यांत धरायची नाही. रविवारी नमुने कमी घेतले जातात, त्याचा खड्डा सोमवार-मंगळवारच्या पानात दिसतो. एका दिवसाच्या आकड्यावर आनंद किंवा घबराट करण्यात अर्थ नाही. सात दिवसांची सरासरी काढा, कागद-पेन्सिल पुरते.

मृत्यूचा आकडा त्या दिवशी नोंद झालेल्यांचा असतो, त्याच दिवशी गेलेल्यांचा असेलच असं नाही. ‘उपचार घेत असलेले’ हा आकडा तर डिस्चार्जच्या नियमावर हलतो. नियम १७ दिवसांवरून १० वर आला की सक्रिय रुग्ण एका आठवड्यात झपाट्याने कमी दिसतात, आजार मात्र होता तिथेच असतो.

सगळ्यात मोठी गफलत भूगोलाची. ‘इंदूर’ लिहिलेलं असलं तरी पान जिल्ह्याचं आहे. महू, सांवेर, देपालपूर त्यात आले. उलट धार, खरगोन, देवास, उज्जैनचे रुग्ण इंदूरच्या हॉस्पिटलांत भरती असतात, कारण माळवा-निमाडचा मोठा दवाखाना इंदूरच. त्यांची गणती आपापल्या जिल्ह्यात. त्यामुळे पानावर रुग्ण कमी आणि खाटा मात्र फुल्ल, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. घरात दम्याचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर रुग्णसंख्येपेक्षा रिकाम्या आयसीयू खाटांची माहिती शंभर पटीने मोलाची.

आणि पान फक्त तपासलेल्यांचंच असतं, हे ऑगस्ट २०२० च्या सीरो सर्वेक्षणाने दाखवलं. शहराच्या ८५ वॉर्डांतून सात हजारांच्या आसपास लोकांचं रक्त तपासलं, पावणेआठ टक्क्यांच्या जवळपास लोकांत अँटिबॉडी, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडल्या. तीस लाखांच्या शहराला हे प्रमाण लावलं तर दोन लाखांच्या वर जातं. तेव्हा एकूण नोंदलेले रुग्ण पंधरा हजारांच्या आत होते. बुलेटिन खोटं नव्हतं, ते जेवढं मोजत होतं तेवढंच सांगत होतं.

वस्त्यांच्या यादीला आमच्याकडून सगळ्यात कमी गुण. सुदामानगरात चार रुग्ण, हे कळून सुदामानगरातल्या माणसाने करायचं काय? वस्ती एवढी पसरलेली की चार हा आकडा निरर्थक, आणि छोट्या गल्लीचं नाव आलं की दूधवाला, कामवाली बाई दोघंही बंद. यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त होऊन लग्नाला जाणारेही होतेच.

आता सेवेचा चांगला भाग: घरी विलगीकरणातल्या रुग्णांना जाणारे फोन. ‘इंदूर ३११’ हे अ‍ॅप मूळचं कचरा, गटार, रस्त्यावरचे दिवे यांच्या तक्रारींसाठीचं. साथीत महापालिकेने त्याला कोरोनाच्या कामालाही जुंपलं. जिल्ह्याच्या कोविड कंट्रोल रूमसाठी १०७५ होता. रोज कोणीतरी ताप किती, ऑक्सिजन किती, दम लागतो का हे विचारायचं, यात खरी किंमत होती, कारण या आजारात ऑक्सिजन उतरतो तेव्हा रुग्णाला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. तो जेवतो, मोबाइल बघतो, आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटर यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ८८.

फोन येत नाही या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा चाचणीच्या फॉर्मवर असतं. नमुना देताना एसआरएफ नावाचा फॉर्म भरला जातो, त्यावरचा मोबाइल नंबर पुढच्या सगळ्या यंत्रणेत जातो. आजी-आजोबांच्या फॉर्मवर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा नंबर लिहिला की फोन पुण्यात वाजणार. जो माणूस रुग्णाबरोबर घरात आहे आणि अनोळखी नंबर उचलतो, त्याचाच नंबर द्या. पत्त्यात नुसतं कॉलनीचं नाव नको. घर नंबर, जवळची खूण आणि वॉर्ड लिहा. नमुना घेणाऱ्याला लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा, एक अंक चुकला तरी माणूस यादीतून गायब.

फोनवरून विचारतात तो ऑक्सिजनचा आकडा मोजण्यातच जास्तीत जास्त चुका होतात आणि सूचनापत्रकांत हा भाग एका ओळीत उरकलेला असतो. रुग्णाने पाच मिनिटं शांत बसायचं, बोलायचं नाही. मधलं किंवा अंगठ्याजवळचं बोट, नखावर नेलपॉलिश किंवा मेंदी नको. लग्नसराईत घरातल्या सगळ्या बायकांच्या नखांवर मेंदी असेल तर पायाचं बोट चालतं, तिथलं नख स्वच्छ असेल तर. बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा, हात छातीच्या उंचीवर टेकवा. बोट आत घालताच येणारा पहिला आकडा सोडून द्या. अर्धा-एक मिनिट थांबून जो स्थिर राहील तो लिहा, वेळेसकट.

पडद्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. नाडी ९२ बघून धावपळ करणारे आणि ऑक्सिजन ८९ ला नाडी समजून झोपणारे, दोघंही असतात. आणखी एक फसवणूक आकड्यांच्या आकारात आहे: इंग्रजी आकड्यांतला ९८ समोरच्या बाजूने उलटा वाचला तर ८६ दिसतो, ८९ चा ६८ होतो. ९६ मात्र उलटासुलटा ९६ च. म्हणून वाचणाऱ्याने रुग्णाच्या बाजूला बसून, यंत्रावरची अक्षरं सरळ दिसतील असंच वाचायचं.

साधारण घरगुती ऑक्सिमीटर दोन टक्के इकडेतिकडे दाखवतो. सावळ्या त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त दाखवतो, हे डिसेंबर २०२० पासून अभ्यासांत आलेलं आहे, आणि आपल्याकडे ते विसरून चालत नाही. तेव्हा एका आकड्यापेक्षा उतार बघा: सकाळी ९८, दुपारी ९६, रात्री ९४ हा क्रम एकट्या ९४ पेक्षा जास्त काळजीचा. दवा बाजारातून यंत्र घेताना दुकानातच घरच्या दोघांच्या बोटांवर लावून बघा. पेन आत घालूनही ९७ दाखवणारं यंत्र घेऊ नका.

फोन कधी करायचा याची रेघ केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या सूचनेत नेमकी आहे: तासाभरात घेतलेल्या तीन मोजण्यांत ऑक्सिजन ९३ किंवा त्याखाली, मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास, १०० फॅरनहाइटच्या वर ताप तीन दिवसांहून जास्त, छातीत सततचं दुखणं किंवा दाब, गोंधळल्यासारखं वागणं, उठवत नाही इतका थकवा. श्वास मोजायचे तर रुग्णाला न सांगता, पूर्ण एक मिनिट, छाती किंवा पोट वर येताना मोजायचे. सांगितलं की माणूस लांब श्वास घ्यायला लागतो आणि मोजणी बिघडते.

विश्रांतीत आकडा ९५-९६ आहे पण शंका येते, अशा वेळी सहा मिनिटं चालण्याची चाचणी कामाची. घरातल्या सपाट फरशीवर, जिन्यावर नाही, यंत्र बोटाला लावून, कोणी सोबत असताना. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटं. आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला तर डॉक्टरला फोन. बसल्याजागीच ९४ च्या खाली असेल त्याला मात्र चालवू नका. रुग्णवाहिका किंवा खाट मिळेपर्यंत पालथं झोपवणं मदतीचं: एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडगीखाली. जेवणानंतर तासभर नाही, गरोदर बाईला नाही, हृदयाचा गंभीर आजार किंवा मणक्याची, मांडीच्या हाडाची इजा असेल तरी नाही.

घरी राहणाऱ्या रुग्णांसाठी वाटल्या गेलेल्या औषधांच्या किटबद्दल सावध मत. तापाला पॅरासिटामॉल ठीक. ६५० ची गोळी दिवसात चार वेळा देऊनही ताप हटत नसेल तर डॉक्टर. २०२१ मध्ये जिथेतिथे वाटली गेलेली आयव्हरमेक्टिन, डॉक्सीसायक्लिन केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने मे २०२१ च्या अखेरीस सौम्य रुग्णांच्या उपचारांतून काढून टाकली. तरी जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलवर जाणारे आजही आहेत. स्टेरॉइड सुरुवातीच्या दिवसांत, ऑक्सिजन नीट असताना घेणं घातकच. त्याच उन्हाळ्यात इंदूरच्या एमवाय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये काळ्या बुरशीचे शेकडो रुग्ण आले, त्यात वाढलेली साखर आणि मन मानेल तसं घेतलेलं स्टेरॉइड ही जोडी मोठी होती. सूचनापत्रकात हा इशारा वर, ठळक हवा. आवळा-हळदीची जागा नंतर.

निर्जंतुकीकरणावर शहराने फार जोर दिला. ड्रोनने फवारणी झाली, बघायला छान. विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो हे केंद्राच्या वैज्ञानिक सल्लागारांनी मे २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलं, आणि त्या हिशेबाने समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवणं रस्ता धुण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. रुग्णाच्या संडास-बाथरूमसाठी मात्र हायपोक्लोराइट हवं: बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग त्यात चार भाग पाणी, झालं १ टक्का. अ‍ॅसिड किंवा हार्पिकमध्ये ते कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. माणसांवर फवारू नका; केंद्राने एप्रिल २०२० मध्येच मना केलं आहे.

सूचनांचा सगळ्यात मोठा दोष मजकुरात नाही, तारखेत आहे. विलगीकरणाचा नियम जुलै २०२० मध्ये दहा दिवस आणि वर सात दिवस देखरेख असा होता; एप्रिल २०२१ मध्ये दहा दिवस, त्यात शेवटचे तीन दिवस ताप नको; जानेवारी २०२२ मध्ये चाचणीपासून सात दिवस, तीच तापाची अट. तिन्ही पत्रकं सरकारी, तिन्ही खरी, आणि फॉरवर्ड होताना तिघांच्याही वरची तारीख कापली जाते. त्यामुळे एकाच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरचा माणूस सतरा दिवस खोलीत आणि तिसऱ्या मजल्यावरचा आठव्या दिवशी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत.

बुलेटिनला पाचात तीन, फोनच्या सेवेला चार, वस्त्यांच्या यादीला एक. पुढच्या वेळी पत्रक आलं की कोपऱ्यात तारीख आणि कोणाच्या सहीचं आहे ते बघा; दोन्ही नसेल तर ग्रुपवर टाकू नका. ऑक्सिमीटर कपाटात ठेवताना त्यातले दोन्ही सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतल्या पत्र्या गंजतात आणि ऐन वेळी यंत्र चालूच होत नाही.