नेम नसलेल्या बचावपटूच्या कसोटीवर एनबीएची आकडेवारी-सेवा

एखादा खेळाडू समोरच्या संघाच्या सर्वोत्तम गुणवीराला सामनाभर हैराण करतो, पण त्याच्या स्वतःच्या हातून मात्र लांबून चेंडू बास्केटमध्ये पडत नाही. अशा खेळाडूची किंमत ठरवणे जाणकारांनाही अवघड जाते. एनबीएने, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवलेली आकडेवारी-सेवा मी काही वर्षे नियमितपणे वापरत आहे, आणि तिचे परीक्षण लिहायचे ठरवल्यावर मी मुद्दाम हीच कसोटी निवडली. स्टीफन करीसारखा नेमबाज कोणत्याही तक्त्यात आपोआप उठून दिसतो; परंतु मेम्फिस संघाच्या टोनी अ‍ॅलनसारखा बचावपटू ज्या सेवेत नीट दिसेल, ती सेवा खेळ समजून घेऊन उभारलेली आहे असे मी मानेन.

ही सेवा फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि तिच्यात १९४६ पासूनच्या सामन्यांचे तक्ते आहेत. हा साठा थक्क करणारा आहे. मात्र बचावाच्या दृष्टीने पाहू लागलो की तो एकदम विरळ होतो, कारण चेंडू हिसकावणे आणि फेक अडवणे, म्हणजे स्टील आणि ब्लॉक, यांची अधिकृत नोंदच मुळी १९७३-७४ च्या हंगामापासून होऊ लागली. त्यानंतरही अनेक दशके बचावाची नोंद जवळपास या दोन रकान्यांवर आणि रिबाउंडवरच, म्हणजे हुकलेल्या फेकीचा चेंडू ताब्यात घेण्यावरच, भागत असे. प्रतिस्पर्ध्याला त्याच्या आवडत्या जागी पोहोचूच न देणे, पासची वाट बंद करणे, अडसर म्हणून उभ्या राहिलेल्या खेळाडूला वळसा घालून पुन्हा आपल्या माणसापाशी वेळेत पोहोचणे, यांपैकी कशालाही त्या तक्त्यात जागा नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला गंभीर प्रयत्न म्हणजे या सेवेतील ‘हसल’ विभाग. तो २०१६ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, सुरू झाला आणि २०१६-१७ पासून नियमित हंगामालाही लागू झाला. चेंडूला किती वेळा हात लागून पासची दिशा बदलली, किती फेकींच्या वेळी बचावपटूने हात उंचावून अडथळा आणला, मैदानावर घरंगळणारे किती चेंडू ताब्यात घेतले, अंगावर धडक घेऊन आक्रमकाविरुद्ध किती फाउल मिळवले, हे सारे येथे प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे मोजलेले आढळते. माझ्या मते संपूर्ण सेवेतील हे सर्वांत प्रामाणिक पान आहे. येथे मोजलेली प्रत्येक कृती खेळाडूने स्वतः केलेली असते, आणि ती करण्यासाठी फेकीच्या कौशल्याची मुळीच गरज नसते. डिफ्लेक्शनचा, म्हणजे हात लागून दिशा बदललेल्या चेंडूंचा, रकाना तर स्टीलच्या रकान्यापेक्षा अधिक बोलका आहे, कारण हात लागलेला चेंडू पुढे कोणाच्या ताब्यात जातो हे पुष्कळदा नशिबावर असते, पण हात तिथे पोहोचणे हे नशीब नसते.

अ‍ॅलनच्या चाहत्यांना येथे एक गोष्ट मात्र सलते. मेम्फिसकडून खेळताना त्याने २०११ ते २०१७ या काळात सहा वेळा सर्वोत्तम बचावपटूंच्या संघांत स्थान मिळवले, त्यांपैकी २०१२, २०१३ आणि २०१५ मध्ये पहिल्या संघात. ‘हसल’ विभागात त्याचा मेम्फिसमधील एकच पूर्ण हंगाम सापडतो, तो २०१६-१७ चा, म्हणजे ज्या हंगामात त्याने वयाची ३५ वर्षे पूर्ण केली तो. त्याच्या ऐन उमेदीची वर्षे ही मोजणी सुरू होण्याआधीच सरली. त्या वर्षांसाठी सेवेतील दुसऱ्या एका सोयीकडे वळावे लागते, आणि ती सोय माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे: सामन्याच्या तक्त्यातील आकड्यावर क्लिक केले की त्या कृतीची चित्रफीत उघडते.

या सोयीचा खरा उपयोग समजण्यासाठी मे २०१५ मधील मेम्फिस आणि करीचा संघ गोल्डन स्टेट यांच्या प्लेऑफ मालिकेतील दोन सामने शेजारी शेजारी उघडून पाहावेत. ५ मे रोजी झालेला दुसरा सामना मेम्फिसने ९७-९० असा जिंकला. करीने त्या सामन्यात तीन गुणांच्या ११ फेकींपैकी केवळ २ यशस्वी केल्या, तर अ‍ॅलनच्या नावापुढे ४ स्टील आहेत. तक्ता एवढेच सांगतो. चित्रफितींमध्ये दिसते ते असे की अ‍ॅलन गोल्डन स्टेटच्या क्ले थॉम्पसनच्या अंगाला चिकटून फिरतो, संधी दिसताच इतरांच्या चेंडूवरही झडप घालतो, आणि गोल्डन स्टेटच्या खेळाडूंना नेहमीचा साधा पास देतानाही विचार करावा लागतो. थॉम्पसनच्या हुकलेल्या फेकी थॉम्पसनच्या खात्यावर नोंदल्या जातात. त्या हुकाव्यात म्हणून ज्याने धावपळ केली त्याच्या खात्यावर त्या तक्त्यात काहीही जमा होत नाही.

आता ११ मे रोजी झालेला चौथा सामना पाहावा. गोल्डन स्टेटने त्यात अ‍ॅलनला धरण्याची जबाबदारी अँड्र्यू बोगट या आपल्या सेंटरवर, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या खेळाडूवर, सोपवली. ही जबाबदारी नावापुरतीच होती. बोगट अ‍ॅलनला तीन गुणांच्या रेषेजवळ मोकळा सोडून बास्केटच्या आसपास उभा राहिला, कारण अ‍ॅलनने तिथून फेक घेतली तर ती गोल्डन स्टेटला हवीच होती. बचावपटूने कोणालाही न धरता बास्केटसमोरच्या रंगीत क्षेत्रात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नये असा नियम २००१-०२ पासून आहे. पण त्याच नियमबदलाने क्षेत्रीय बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, परवानगी मिळाल्यामुळे, आत-बाहेर पावले टाकत राहणाऱ्या बोगटला ही युक्ती सहज साधता आली. मार्क गॅसॉल आणि झॅक रँडॉल्फ या मेम्फिसच्या दोन्ही धिप्पाड खेळाडूंचे सारे बळ बास्केटजवळच्या खेळात होते, आणि तिथेच आता एक जादा माणूस उभा होता. गोल्डन स्टेटने तो सामना १०१-८४ असा जिंकला, मालिका ४-२ अशी खिशात घातली आणि पुढे विजेतेपदही मिळवले.

आता या पराभवाचा हिशेब तक्त्यात कुठे मांडलेला आहे हे शोधावे. अ‍ॅलनने घेतलेल्या आणि हुकलेल्या मोजक्या फेकी त्याच्या नावापुढे आहेत, पण खरे नुकसान त्यांत नाही. ते गर्दीत अडकलेल्या गॅसॉल आणि रँडॉल्फ यांच्या हुकलेल्या फेकींत विखुरलेले आहे. अशा खेळाडूची जमाही इतरांच्या खात्यावर पडते आणि खर्चही इतरांच्याच खात्यावर पडतो, ही या विषयातील मुख्य अडचण आहे. मी ही सेवा वापरताना प्रत्येक रकान्याला विचारतो तो प्रश्न हाच: ही जमा किंवा हा खर्च योग्य माणसाच्या नावावर आणण्यास तुझी किती मदत होते?

या प्रश्नाला सर्वांत कमी उतरणारा रकाना म्हणजे बचावपटू जवळ असताना प्रतिस्पर्ध्याच्या किती टक्के फेकी यशस्वी झाल्या हे सांगणारा. तो २०१३-१४ मध्ये सर्व मैदानांवर बसवलेल्या कॅमेऱ्यांमुळे शक्य झाला, आणि पहिल्यांदा पाहताना बचावाचे थेट माप हाती आल्यासारखे वाटते. परंतु त्यात फक्त घेतल्या गेलेल्या फेकी मोजल्या जातात. उत्तम बचावपटू समोर आहे हे पाहून प्रतिस्पर्ध्याने चेंडू दुसऱ्याकडे दिला, तर त्या यशाची नोंद होत नाही. शिवाय तीन गुणांच्या फेकी जाणे-न जाणे यावर बचावपटूचे नियंत्रण फार थोडे असल्याने, एका हंगामात पहिल्या दहांत दिसणारे नाव पुढच्या हंगामात कुठल्या कुठे गेलेले आढळते. या एका रकान्यावर विसंबून कोणत्याही खेळाडूविषयी मत बनवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्यापेक्षा कोणी कोणाला किती वेळ धरले हे दाखवणारा ‘मॅचअप’ विभाग उपयुक्त आहे, कारण प्रशिक्षकाने सर्वांत अवघड माणूस कोणाच्या हाती सोपवला हे तरी त्यातून स्पष्ट कळते. प्रशिक्षकाचा असा विश्वास मला टक्केवारीपेक्षा अधिक खात्रीचा पुरावा वाटतो.

खर्चाची एक बाजू मात्र ही सेवा निर्दयपणे स्पष्ट दाखवते, ती म्हणजे फ्री थ्रो, फाउलनंतर मिळणारी विनाअडथळा फेक. ओक्लाहोमा सिटीचा आंद्रे रॉबर्सन २०१७ मध्ये सर्वोत्तम बचावपटूंच्या दुसऱ्या संघात निवडला गेला. त्याच वर्षीच्या प्लेऑफमध्ये ह्यूस्टनविरुद्ध त्यांच्या जेम्स हार्डनला धरण्याचे काम त्याच्याकडे होते आणि ते तो मन लावून करत होता. परंतु त्या पाच सामन्यांत त्याने २१ पैकी केवळ ३ फ्री थ्रो यशस्वी केले. ह्यूस्टनने त्याच्यावर मुद्दाम फाउल करण्याचा मार्ग पत्करला, आणि चेंडूपासून दूर असलेल्या खेळाडूवर प्रत्येक चतुर्थकाच्या शेवटच्या दोन मिनिटांत असा फाउल केल्यास वेगळा दंड बसत असला, तरी त्याआधीची मिनिटे ह्यूस्टनला मोकळी होती. हा खर्च कोणा दुसऱ्याच्या खात्यावर पडत नाही. ते पान पाहताना मला त्याच्याविषयी मनापासून वाईट वाटते. त्याच सामन्यांतील त्याच्या बचावाच्या चित्रफितीही तिथेच आहेत, त्या पाहिल्याशिवाय कोणी ते पान बंद करू नये.

रॉबर्सनमुळेच सेवेतील आणखी एका सोयीचे महत्त्व मला पटले. २७ जानेवारी २०१८ रोजी डेट्रॉइटमधील सामन्यात त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध तुटला आणि तो दोन वर्षांहून अधिक काळ मैदानाबाहेर राहिला. संघाच्या आकडेवारीला या तारखेची गाळणी लावून, आधीचे आणि नंतरचे सामने वेगळे करून, दर १०० ताब्यांमागे, म्हणजे चेंडू हाती असण्याच्या १०० पाळ्यांमागे, प्रतिस्पर्ध्याला दिलेले गुण पाहता येतात. खेळाडू मैदानावर असताना आणि बाकावर असताना संघ कसा खेळला हे दाखवणारा विभागही आहे, आणि ओक्लाहोमाचा बचाव रॉबर्सनविना किती ढासळला हे दोन्हीकडे दिसते. जमा आणि खर्च एकत्र धरणारे हे एकमेव माप असल्यामुळे त्याला पर्याय नाही. मात्र सोबत कोण खेळत होते आणि समोर कोण होते, यांवर ते इतके अवलंबून असते की दहा-पंधरा सामन्यांच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

बेन वॉलेसच्या बाबतीत ही सारी खटाटोप कमी करावी लागते. चार वेळा वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरलेल्या या खेळाडूची कारकिर्दीतील फ्री थ्रोची टक्केवारी ४१.४ एवढीच आहे, तरी त्याचे रिबाउंड आणि ब्लॉक जुन्या तक्त्यांतही ठळक दिसतात. शिवाय सेंटर बास्केटजवळच उभा असतो, त्यामुळे त्याला लांबून नेम नसला तरी संघाची जागा फारशी आखडत नाही. तीच उणीव बास्केटपासून दूर खेळणाऱ्या गार्डमध्ये असली की सोबतच्या चौघांचा श्वास कोंडतो. पोझिशननुसार निवड करण्याची सोय सेवेत आहे, आणि अशा खेळाडूंची तुलना करताना ती वापरायलाच हवी.

२०२५-२६ च्या हंगामासाठी एनबीएने अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या साहाय्याने नवी मापे जाहीर केली. त्यांपैकी ‘ग्रॅव्हिटी’ हे माप एखादा खेळाडू प्रतिस्पर्धी बचावाला स्वतःकडे किती खेचतो हे सांगते, आणि ‘डिफेन्सिव्ह बॉक्स स्कोर’ कोणत्या क्षणी कोण कोणाला धरत होते याचा हिशेब ठेवतो. मला या दोहोंचे मनापासून स्वागत करावेसे वाटते. ज्याच्याकडे बचाव ढुंकूनही पाहत नाही, अशा खेळाडूचा खर्च पहिल्यांदाच त्याच्या स्वतःच्या नावावर येऊ लागेल, आणि त्याने रोखलेल्या माणसाची जमाही त्याच्याच नावावर येईल. ज्यांना केवळ गुणांची आणि विक्रमांची माहिती हवी, त्यांना ही सेवा गरजेपेक्षा मोठी वाटेल. बचाव समजून घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने मात्र ‘हसल’पासून सुरुवात करावी, मग ‘मॅचअप’ पाहावा आणि शेवटी चित्रफितींसाठी भरपूर वेळ राखून ठेवावा. मेम्फिसने मार्च २०२५ मध्ये अ‍ॅलनचा ९ क्रमांकाचा जर्सी सन्मानपूर्वक निवृत्त केला. मे २०१५ च्या त्या दोन सामन्यांना कोणतेही नवे माप लागू होणार नाही. ते प्रत्येक ताबा उघडून, त्याचे हात आणि बोगटची पावले बघतच पाहावे लागतात.