स्पोर्टी गाडीसाठी शांत आणि परवडणारे टायर: हँकूक व्हेंटस प्राइम ४

चपळ आणि ताकदवान म्हणून विकल्या जाणाऱ्या हॅचबॅक व सेदान गाड्यांना कारखान्यातून जे टायर बसवून येतात, त्यांची निवड स्टिअरिंगचा तत्पर प्रतिसाद आणि वळणावरची पकड डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. ते झिजले की बहुतेक मालक तोच टायर पुन्हा मागवतात आणि त्याबरोबर तीच किंमत, तोच कडकपणा आणि लांबच्या प्रवासात कान थकवणारी तीच घरघर पुन्हा स्वीकारतात. गाडी स्पोर्टी असली तरी तिचे बहुतेक आयुष्य साध्या रस्त्यांवर, कायद्याच्या वेगमर्यादेत जाणार असेल, तर मूळ मापाचाच पण स्पोर्ट टूरिंग वर्गातला, म्हणजे पकड आणि आराम यांचा मेळ घालणारा, टायर अधिक योग्य ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. याच विचाराने मी पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या माझ्या हॅचबॅकसाठी २२५/४५ आर १७ या मापात (रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची) हँकूक कंपनीचा व्हेंटस प्राइम ४ निवडला.

निवडीचे निकष समजण्यासाठी आवाज कोठून येतो हे आधी पाहावे लागते. गाडी एकसारख्या वेगाने चालत असताना, ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे टायरचा आवाज सहसा इंजिनच्या आवाजावर मात करतो. रस्त्यावर आपटणारे टायरच्या नक्षीचे रबरी ठोकळे, खाचांमध्ये दाबली जाऊन बाहेर फेकली जाणारी हवा आणि टायरच्या पोकळीत घुमणारी हवा असे त्याचे तीन मुख्य उगम आहेत. सर्व ठोकळे एकाच लांबीचे असतील तर ते ठरावीक अंतराने आपटून एकच सूर धरतात; म्हणून चांगले उत्पादक ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवतात आणि एका सुरात एकवटणारा आवाज अनेक सुरांमध्ये विखुरतात. पोकळीतला आवाज मात्र नक्षी बदलून जात नाही. माझ्या मापाच्या टायरमध्ये आतल्या हवेच्या वलयाचा सरासरी व्यास सुमारे ५३ सेंटीमीटर, म्हणजे घेर साधारण १.६७ मीटर होतो. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरल्यास हे वलय २०० हर्ट्झच्या आसपास घुमते. खडबडीत रस्त्यावर किंवा पुलाच्या सांध्यावरून जाताना जो पोकळ गुंजारव ऐकू येतो तो हाच. कॉन्टिनेंटलच्या कॉन्टिसायलेंटसारख्या टायरमध्ये आतून पॉलियुरेथेन फोमचा पट्टा चिकटवलेला असतो आणि तो नेमका या गुंजारवावर उपाय करतो. फोमचे टायर महाग असतात आणि नक्षीच्या आवाजावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे परवडणाऱ्या टायरच्या शोधात मी त्यांचा विचार केला नाही.

युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या टायरवर जे लेबल असते, त्याचा आधार अनेक जण घेतात आणि तो घ्यावाही. मात्र तो आकडा नेमके काय सांगतो हे लक्षात असावे. १ मे २०२१ पासून लागू असलेल्या नव्या नियमांनुसार लेबलवर इंधन-कार्यक्षमता आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांच्या ए ते ई अशा श्रेणी असतात, तर आवाजासाठी डेसिबलचा आकडा आणि ए, बी किंवा सी ही श्रेणी असते. हा आवाज गाडीच्या आत मोजलेला नसतो. इंजिन बंद ठेवून ताशी ८० किलोमीटरच्या सुमारास घरंगळत जाणाऱ्या गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटर अंतरावर माइक ठेवून, प्रमाणित गुळगुळीत रस्त्यावर त्याचे मापन होते. रस्त्याकडेला राहणाऱ्यांसाठी ते मोलाचे आहे, पण केबिनमध्ये बसलेल्याला खडबडीत डांबरावर काय ऐकू येईल, याचा त्यातून केवळ अंदाज बांधता येतो. शिवाय श्रेणीची अक्षरे रुंदीनुसार बदलणाऱ्या मर्यादांशी जोडलेली आहेत: २२५ मिलिमीटर रुंदीच्या टायरसाठी मर्यादा ७१ डेसिबल आहे, २७५ मिलिमीटरपेक्षा रुंद टायरसाठी ती ७४ आहे आणि जादा भाराच्या एक्सएल टायरला आणखी एका डेसिबलची सवलत मिळते. म्हणून दोन टायरची तुलना करताना अक्षरे बाजूला ठेवून आकडे पाहावेत. तीन डेसिबलचा फरक कागदावर किरकोळ दिसला तरी ध्वनीची ऊर्जा तेवढ्याने दुप्पट होते.

लेबलची सर्वात मोठी मर्यादा याहून वेगळी आहे: ते नव्या टायरविषयी सांगते. शांत टायर शोधणाऱ्याने खरा विचार करायचा तो अर्ध्या झिजलेल्या टायरचा. माझे आधीचे टायर अतिशय स्पोर्टी वर्गातले होते. नवे असताना ते मुळीच गोंगाट करणारे नव्हते, पण मागच्या चाकांवरच्या ठोकळ्यांची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजत गेली आणि करवतीच्या दात्यांसारखा आकार तयार झाल्यावर बेअरिंग गेल्यासारखा आवाज सुरू झाला. ही झीज डोळ्यांना चटकन दिसत नाही. नक्षीवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवला की एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला खरखरीत लागते. ज्या चाकांवर भार कमी आणि टो-कोन (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) बिघडलेला असतो तेथे ती लवकर होते, आणि खांद्यावरचे, म्हणजे नक्षीच्या बाहेरील कडेचे, ठोकळे मोठे, सुटे व एकमेकांना न जोडलेले असतील तर तिचा वेग वाढतो. त्यामुळे टायर पाहताना खांद्याकडील ठोकळे एकमेकांना आधार देतात का, हे मी प्रथम तपासतो. केबिनची शांतता टिकवणारा हा तपशील जाहिरातीत क्वचितच सापडतो.

मिशेलिन पायलट स्पोर्ट ५ आणि गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक ६ हे टायर ज्या वर्गात मोडतात, तो वर्ग पकडीसाठी उत्तम आहे, पण तेथे किंमत चढी असते आणि त्या पकडीचा मोठा भाग रोजच्या वापरात कधी कामी येत नाही. दुसऱ्या टोकाला मिशेलिन प्रायमसी ४ आणि योकोहामा अॅडव्हान डीबी व्ही५५२ हे आरामाला व शांततेला अग्रक्रम देणारे टायर आहेत. केवळ शांतता हवी असेल तर मी त्यांचीच शिफारस करीन. चपळ गाडीच्या वळणांतला जिवंतपणा ज्याला गमवायचा नाही, त्याला मधला, म्हणजे स्पोर्ट टूरिंग, वर्ग हवा. अगदी स्वस्त, अनोळखी नावांच्या टायरकडे मी वळलो नाही, कारण तेथे बचत बहुधा ओल्या रस्त्यावरच्या पकडीतून केलेली असते आणि ब्रेक लावल्यावर लागणारे जादा अंतर कोणत्याही शांततेपेक्षा महाग पडते. खर्च कमी करायचा असेल तर मोठ्या उत्पादकांची दुसऱ्या फळीतली नावे पाहावीत: हँकूकचे लॉफेन, कॉन्टिनेंटलचे युनिरॉयल, सुमितोमोचे फाल्कन किंवा २००९ पासून अपोलोकडे असलेले व्रेडेस्टाइन.

व्हेंटस प्राइम ४ हा असममित (आतल्या व बाहेरच्या बाजूला वेगवेगळ्या) नक्षीचा उन्हाळी टायर आहे. बसवल्यावर पहिला फरक आवाजाच्या पातळीपेक्षा त्याच्या पोतात जाणवला: आधीच्या टायरचा एकसुरी सूर जाऊन त्या जागी विखुरलेली, वाऱ्याच्या सळसळीत मिसळून जाणारी कुजबुज आली. जुन्या, खडी वर आलेल्या डांबरावर घरघर अजूनही ऐकू येते, पण मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही. लहान खड्डे आणि सांधे तो अधिक मऊपणे गिळतो. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला असता गाडी सरळ आणि विश्वासाने थांबते, आणि माझ्या दृष्टीने या टायरची ही सर्वात मोठी जमेची बाजू आहे. स्टिअरिंग मध्यस्थितीतून हलवल्यावर पहिला प्रतिसाद अतिस्पोर्टी टायरपेक्षा किंचित सौम्य असतो. हा स्पोर्ट टूरिंग वर्गाचाच स्वभाव आहे आणि वळणात भार स्थिरावला की रेषा पक्की राहते. जो नियमितपणे ट्रॅकवर जातो त्याने हा वर्ग घेऊ नये. तापमान सात अंशांच्या खाली बराच काळ राहत असेल तर कोणताही उन्हाळी टायर घेऊ नये, कारण थंडीत त्याचे रबर कडक होते.

मापाच्या बाबतीतही पैसे आणि शांतता दोन्ही वाचवता येतात. २२५/४० आर १८ च्या जागी २२५/४५ आर १७ वापरल्यास बाहेरील व्यास सुमारे ६३७ ऐवजी ६३४ मिलिमीटर होतो, म्हणजे स्पीडोमीटरवर नगण्य परिणाम होतो. मात्र टायरच्या बाजूची उंची ९० वरून १०१ मिलिमीटरवर जाते, धक्के कमी पोहोचतात आणि टायरची किंमतही सहसा उतरते. गाडीच्या पुस्तिकेत लहान रिम मान्य असेल आणि ब्रेकचे कॅलिपर (ब्रेकच्या चकतीला चिमटा घेणारे भाग) तीत मावत असतील, तरच हा बदल करावा. टायर किती वजन पेलू शकतो हे सांगणारा भार निर्देशांक मात्र कधीही कमी करू नये. ९१ म्हणजे प्रति टायर ६१५ किलो आणि ९४ म्हणजे ६७० किलो; पुस्तिका ९१ मागत असताना निष्कारण ९४ एक्सएल घेतल्यास बांधणी बहुधा अधिक ताठ मिळते आणि त्याचा आरामासाठी काही लाभ होत नाही. वेगाचे अक्षरही गाडीला लागेल तेच घ्यावे: व्ही ताशी २४० किलोमीटरपर्यंत, डब्ल्यू २७० पर्यंत.

नवे टायर घेण्याआधी आवाज खरोखर टायरचाच आहे याची खात्री करावी. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलत असेल तर दोष टायरचा; पृष्ठभागाने फरक पडत नसेल आणि डावीकडे-उजवीकडे वळताना तो वाढत किंवा घटत असेल तर बेअरिंग तपासून घ्यावे. टायर बसवताना बाजूवरच्या चार अंकांवरून निर्मितीचा आठवडा आणि वर्ष पाहावे, उदाहरणार्थ २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, त्याच वेळी करून घ्यावे आणि हवा दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणेच ठेवावी, कारण जास्त हवेचा टायर कडक चालतो आणि अधिक आवाज करतो. असममित टायरची खूण केलेली बाजू बाहेर राहत असल्याने ते डावीकडून उजवीकडेही फिरवता येतात. दोनच टायर बदलायचे असतील तर नवी जोडी मागे बसवावी, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू घसरण्याचा धोका कमी राहतो.