३१ डिसेंबरची रात्र: माद्रिद, एडिनबरा की क्योटो?

थंडीतलं नववर्ष परदेशात साजरं करायचं म्हटलं की ही तीन नावं हमखास पुढे येतात. पण तिन्हीकडची रात्र वेगवेगळ्या जातीची आहे. माद्रिदमध्ये सगळा खेळ ३६ सेकंदांचा. एडिनबऱ्यात तिकीट आणि वारा यांच्यावर भिस्त. क्योटोत बाराला आतषबाजीही नाही, पण तिथलं नववर्ष तीन दिवस चालतं. बरोबर कोण आहे आणि ताटात काय चालतं, यावर निवड ठरवा. हॉटेलचे फोटो नंतर पाहा.

माद्रिद: खर्च कमी, फजिती सोपी

जमायचं ते पुएर्ता देल सोल चौकात. तिथल्या जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीवरचं घड्याळ १८६६ पासून आहे आणि त्याच्या बारा टोलांबरोबर बारा द्राक्षं खायची, टोलामागे एक. दोन टोलांत तीन सेकंदांचं अंतर असतं. गडबड होते ती त्याआधीच. घड्याळावरचा गोळा घंटानादात खाली येतो, मग चार जोडटोल पडतात आणि त्यानंतर खरे बारा. नवखा माणूस जोडटोलांनाच सुरुवात करतो आणि बारा सुरू होईपर्यंत त्याची चार द्राक्षं पोटात गेलेली असतात. १९८९ च्या अखेरीस स्पॅनिश दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपणात हाच घोटाळा झाला आणि घरोघरी लोकांचा हिशोब चुकला. म्हणून जोडटोल संपेपर्यंत हात खाली ठेवा.

द्राक्षं लहान, सारख्या आकाराची आणि बिनबियांची घ्या. आलिकांते प्रांतातल्या विनालोपो खोऱ्यातली पारंपरिक द्राक्षं वेलीवरच कागदी पिशवीत राखतात. साल पातळ आणि चव उत्तम, पण बिया काढायला तीन सेकंद पुरत नाहीत. सोललेल्या, बिया काढलेल्या बारा द्राक्षांचे छोटे डबे दुकानात मिळतात, ते बरे. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकतं. उभे चार काप करून द्या. (१९०९ मध्ये आलिकांतेकडच्या बागायतदारांनी जास्तीचं पीक खपवायला ही प्रथा देशभर नेली, असं सांगतात. नाशिककरांना त्यामागचा हिशोब समजावून सांगायला नको.)

चौकात तिकीट नाही, पण संख्येला मर्यादा आहे. पोलिस तपासणी करूनच आत सोडतात, काचेची बाटली नेता येत नाही आणि सोलचं मेट्रो स्टेशन रात्री बंद ठेवतात. ओपेरा किंवा सेविया स्टेशनला उतरून चालत जा आणि अकराची वाट न पाहता आधीच पोहोचा. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर ३० डिसेंबरच्या मध्यरात्री जा. त्या रात्री घड्याळाची रंगीत तालीम होते, तेच टोल पडतात, लोक तशीच द्राक्षं खातात आणि धक्काबुक्कीही कमी असते. आमच्या मते कुटुंबासाठी हीच रात्र जास्त शहाणपणाची.

जेवणाचं मात्र आधी बघा. ३१ तारखेला स्पॅनिश माणूस घरी जेवतो. बरीच हॉटेलं संध्याकाळीच बंद होतात आणि जी उघडी असतात तिथे ठरावीक महागडी थाळी असते. दुपारी तीनला भरपेट जेवा. पहाटे चॉकलेट आणि चुर्रोस, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या, खायचा रिवाज आहे. चुर्रोचं पीठ म्हणजे मैदा, पाणी आणि मीठ, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांचीही बहुधा सोय होते.

एडिनबरा: रंगलं तर रंगलं

स्कॉटलंडमध्ये नाताळला १९५८ पर्यंत सार्वजनिक सुट्टीही नव्हती, म्हणून वर्षाचा सगळा जोर ३१ तारखेच्या होग्मनेवर, म्हणजे वर्षअखेरीच्या स्कॉटिश उत्सवावर. प्रिन्सेस स्ट्रीटवरचा मोठा कार्यक्रम तिकिटाचा आणि किल्ल्यावरून बाराला आतषबाजी. अडचण एकच, पण मोठी: वारा. २००३, २००६ आणि २०२४ या वर्षांच्या अखेरीस उघड्यावरचा सोहळा हवामानापायी रद्द करावा लागला. पाऊस एकवेळ चालतो. पण वाऱ्यात मंच, पडदे आणि फटाके धोक्याचे ठरतात. तिकीट घेताना रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, एवढं तरी वाचा. इन्व्हरलीथ पार्कातून आतषबाजी लांबून फुकट दिसते.

गर्दीला पर्याय हवा असेल तर अ‍ॅबर्डीनच्या दक्षिणेला सुमारे २५ किलोमीटरवर स्टोनहेवन आहे. तिथे बारा वाजता गावकरी तारेच्या जाळीत पेटवलेले आगीचे गोळे डोक्याभोवती गरगर फिरवत हाय स्ट्रीटवरून चालतात आणि शेवटी ते बंदरात फेकतात. नायलॉनचं जाकीट घालून पुढच्या रांगेत उभं राहू नका, ठिणग्या उडतात.

बारानंतर सगळे हात धरून ‘ऑल्ड लँग साइन’ हे जुनं स्कॉटिश गाणं म्हणतात. हातांची फुली शेवटच्या कडव्यालाच घालायची. बाहेरचे लोक पहिल्यापासून घालतात. कुणाच्या घरी बोलावणं असेल तर रिकाम्या हाताने जाऊ नका: कोळसा, शॉर्टब्रेड, व्हिस्की यांपैकी काहीही चालतं. १ आणि २ जानेवारी दोन्ही दिवस सुट्टी, १ तारखेला रेल्वे अगदी तुरळक आणि चारच्या आत सूर्य मावळतो. त्या दिवशी लांबचा प्रवास आखू नका.

क्योटो: शाकाहारी असाल तर आधी हे वाचा

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी जपानी माणूस तोशिकोशी सोबा खातो आणि बाराच्या आत संपवतो. शेवया कुट्टूच्या, पण त्यात बहुधा गव्हाचं पीठही असतं. खरी अडचण रश्श्याची: ‘दाशी’ हे पाणी सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचं असतं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर वरचा तुकडा काढतील, रस्सा तोच राहील. ‘फक्त कोम्बूची दाशी’, म्हणजे समुद्रशेवाळाची, असं लिहून दाखवा. १ ते ३ जानेवारी बरीच उपाहारगृहं बंद असतात, म्हणून मठातल्या शाकाहारी जेवणाचं आरक्षण आधी करा किंवा भात, टोफू आणि फळं ३० तारखेलाच आणून ठेवा.

रात्रीचा मुख्य भाग म्हणजे १०८ घंटानाद. चिओन-इन मंदिरातली १६३६ सालची घंटा सुमारे ७० टनांची. १६ भिक्षू दोर ओढतात आणि एक जण दोराला लोंबकळत मागे झोकून देऊन ओंडका आपटतो. हे पाहायला जबरदस्त, पण प्रवेश मर्यादित आणि रांग लवकर बंद होते. स्वतः टोला द्यायचा असेल तर लहान मंदिरं गाठा. काही ठिकाणी त्यासाठी क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात. वाटप कधी, ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

तिथून चालत यासाका या शिंतो देवस्थानात जा. पवित्र अग्नीवर बांबूच्या तंतूंची दोरी पेटवून घेतात, विझू नये म्हणून ती हळूहळू फिरवत घरी नेतात आणि त्याच विस्तवावर नववर्षाचं पहिलं अन्न शिजवतात. हॉटेलात जळती दोरी नेता येणार नाही. विझवून न्या, उरलेली दोरी स्वयंपाकघरात ठेवतातच. देवस्थानात दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत. ही गल्लत फार होते.

बँका ३१ ते ३ तारखेपर्यंत बंद, बहुतेक संग्रहालयंही. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएमवर परदेशी कार्ड चालतं. वर्षअखेरीच्या गर्दीत टोकियो-क्योटो नोझोमी या बुलेट ट्रेनचे सगळे डबे आरक्षणाचेच असतात. तिकिटं साधारण महिनाभर आधी सकाळी दहाला उघडतात.

मग कुठे?

मित्रमंडळी, नाचगाणं, पिणं: एडिनबरा, पण हवामानाची जोखीम पत्करून. बजेट आखडतं किंवा मुलं लहान: माद्रिद. आईवडील बरोबर आणि गोंगाट नको: क्योटो, फक्त जेवणाची तयारी काटेकोर हवी आणि रात्री दोन-तीन तास उभं राहण्याची ताकद हवी.

माद्रिद आणि एडिनबरा एकाच सहलीत बसवायचा विचार असेल तर व्हिसे दोन लागतात. स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिशाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, ब्रिटनचा तीन महिने आधीपासून. आणि पासपोर्ट एका वेळी एकाच कचेरीत राहू शकतो. शेंगेन सप्टेंबरमध्येच उरकून घ्या.