घरी कपडे शिवायचे तर आधी बॉबिनकडे पाहा: झिगझॅग मशीनच्या वापरानंतरचा अनुभव

सर्व्हिसवाल्याने माझ्या शिलाई मशीनचे शटल (सुईखाली फिरून वरच्या दोऱ्याचा फास पकडणारा भाग) बदलायला सांगितले आणि त्यावरून वाद झाला, म्हणून हे आता सविस्तर लिहितो आहे. तक्रार अशी होती: वीतभर शिवण झाली की वरचा दोरा तुटायचा आणि तुटलेले टोक पिंजारलेले असायचे. त्यावर उत्तर आले, "टायमिंग गेलंय, शटल आणि बॉबिन केस दोन्ही नवीन टाका." टायमिंग म्हणजे सुई आणि शटल यांच्या हालचालींचा मेळ; बॉबिन ही खालच्या दोऱ्याची छोटी रीळ आणि केस म्हणजे तिची डबी. प्रत्यक्षात दोष निघाला नीडल प्लेटच्या (सुई जिच्यातून खाली जाते त्या धातूच्या पट्टीच्या) भोकात. टाचणीवर आदळून सुई वाकते, वाकलेली सुई भोकाच्या कडेवर खाच पाडते आणि त्या खाचेच्या धारेवर दोरा कापला जातो. हे ओळखायला मेकॅनिक लागत नाही. सुई काढा, प्लेटचे स्क्रू सोडवा आणि भोकाच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू जिथे अडकतील तिथे खाच आहे. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून ती जागा हलक्या हाताने गुळगुळीत केली की दोरा तुटायचा थांबतो. टायमिंग गेलेले असले की पहिले लक्षण बहुधा टाके सुटण्याचे (मध्येच टाका न पडण्याचे) असते, कारण शटलचे टोक सुईमागे तयार होणारा दोऱ्याचा फास वेळेवर पकडत नाही. टाके नीट पडत असतील आणि फक्त दोरा पिंजारत असेल, तर शटलचे पैसे मोजण्याआधी सुई, प्लेटचे भोक आणि शटलचे टोक या ३ जागा तपासून घ्या.

मशीन नेहमीच्या प्रकारातले आहे: समोरून बसणारी बॉबिन, ४ पायऱ्यांचे काज, पायाशी स्पीड कंट्रोल. खोक्यावर छापलेली टाक्यांची संख्या पाहून मशीन निवडू नका. घरच्या कपड्यांना सरळ टीप, झिगझॅग, ३ टप्प्यांचा झिगझॅग (प्रत्येक तिरकी रेघ ३ छोट्या टाक्यांची) आणि काज एवढेच लागते. उरलेली नक्षी पहिल्या आठवड्यानंतर कोणी वापरत नाही.

खरा विषय बॉबिनचा आहे. एलायस हौ यांनी १८४६ साली अमेरिकेत पेटंट घेतले त्या मशीनपासून आजपर्यंत तत्त्व एकच आहे: टोकाशी भोक असलेली सुई वरचा दोरा खाली नेते, खालचे शटल त्याच्या फासातून दुसरा दोरा काढते आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध बसते. गाठ वर दिसली तर वरचा ताण जास्त, खाली दिसली तर कमी. इतके साधे असूनही घरी शिवणाऱ्यांचे सगळ्यात जास्त तास खाली होणाऱ्या दोऱ्याच्या गुंत्यात जातात. कापडाखाली जाळे झाले की बहुतेक जण बॉबिन काढून साफ करतात, पुन्हा बसवतात आणि पुन्हा जाळे होते. खाली साचलेला तो दोरा वरचा असतो, आणि दोषही वरच असतो. प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) खाली असताना वरचा दोरा ओवला, तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये न बसता नुसता वरून जातो आणि ताणच लागत नाही. फूट वर घ्या, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा, टेक-अप लिव्हरच्या (सुईबरोबर वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या) भोकातून गेला आहे याची खात्री करा. मग फूट खाली करून सुईपाशी दोरा ओढून पाहा. आता तो अडून यायला हवा. सैलच आला, तर चकत्यांत जुन्या दोऱ्याचा तुकडा अडकलेला असतो.

एवढे करूनही टाका बिघडत असेल तरच बॉबिन केसला हात लावा. केस बॉबिनसकट दोऱ्याने लटकती धरा आणि मनगटाला हलका झटका द्या. ती २ ते ३ सेंमी खाली सरकून थांबली तर ताण योग्य. सरसर खाली गेली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. पट्टीवरच्या बारीक स्क्रूला एका वेळी अष्टमांश फेराच द्या, आणि स्क्रूची आधीची जागा मार्करने खूण करून ठेवा. बॉबिन भरतानाही घाई नको. पॉलिस्टरचा दोरा पूर्ण वेगाने भरला तर ताणलेल्या अवस्थेत गुंडाळला जातो, शिवणीत गेल्यावर आखडतो आणि पातळ कापडावर चुण्या पडतात. मग लोक कापडाला नावे ठेवतात. मध्यम वेगाने, भराईच्या छोट्या टेन्शन चकतीतून दोरा घेऊन भरा. धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या बॉबिन मिसळू नका, वजन बदलले की ताण बदलतो. आणि काम सुरू करण्याआधी २ बॉबिन भरून ठेवा. १ मीटर शिवणीला दोन्ही मिळून साधारण अडीच ते तीन मीटर दोरा जातो, त्यामुळे कॉलरवरची टीप अर्ध्यात असताना बॉबिन संपणे अगदी नेहमीचे आहे. तिथला जोड दिसतोच.

सुरुवातीला माझे ठाम मत होते की वरून टाकायची, पारदर्शक झाकणाची बॉबिनच बरी. दोरा किती उरला ते दिसते, केस काढायची कटकट नाही. काही महिन्यांनी मत उलटे झाले आहे. समोरच्या बॉबिनची केस हातात घेऊन ताण मोजता येतो, तिचा स्क्रू सहज फिरवता येतो आणि जाड दोऱ्यासाठी दुसरी केस वेगळ्या ताणावर लावून ठेवता येते. जीन्सवर जाड दोऱ्याची टीप मारणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे. शटलची जागाही उघडी पडते: दोन्ही खटके बाजूला केले की रिंग आणि शटल हातात येते, ब्रशने तंतू काढायचे, शटल फिरते त्या खाचेत मशीनच्या तेलाचा १ थेंब सोडायचा, मग जुन्या चिंधीवर दोन हात टीप मारायची म्हणजे नव्या कापडाला डाग पडत नाही. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल कधीही नको, ते घट्ट होऊन मशीन जड करते.

आता पैशांचे. घरी शिवले की स्वस्त पडते, हे सरसकट खरे नाही. साधा टी-शर्ट किंवा लहान मुलांचे रोजचे कपडे कारखान्यातल्या किमतीला घरी होत नाहीत, कारण कापड आपण किरकोळ भावाने घेतो. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ११२ सेंमी पन्ह्याचे कापड सव्वादोन ते अडीच मीटर लागते. त्यावर फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारे अस्तर), बटणे, दोरा. मशीनखेरीज सुरुवातीचा खर्च कात्रीचा (कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवा), चांगल्या वाफेच्या इस्त्रीचा आणि मोठ्या टेबलाचा. शिवाय आवडले म्हणून घेऊन ठेवलेले आणि न शिवलेले कापड हाही खर्चच आहे, तो वहीत मांडा. पैसे खरोखर वाचतात ते तीन ठिकाणी: अंगाला बरोबर न बसणाऱ्या तयार पँटी, महागडे सुती किंवा लिनन कपडे, आणि दुरुस्ती. नुसत्या कमरा घट्ट-सैल करणे, चेन बदलणे, गुडघ्याला आतून ठिगळ देणे यातच मशीनची किंमत हळूहळू निघते.

कापड वाया जाण्याची दोन मोठी कारणे आहेत. पहिले, न धुता कापणे. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकते. ७५ सेंमी लांबीच्या शर्टात ४ टक्के म्हणजे ३ सेंमी गेले. कपडा पुढे ज्या पद्धतीने धुणार, त्याच पद्धतीने कापड आधी धुवा आणि वाळल्यावर इस्त्री करा. दुसरे, उभा धागा न पाहणे. पॅटर्नवरची बाणाची रेघ कापडाच्या काठाला समांतर हवी. दोन्ही टोकांकडून काठापर्यंतचे अंतर टेपने मोजा, नजरेवर जाऊ नका. पँटचा पाय धाग्यात नसेल तर काही धुण्यांनंतर त्याची शिवण नडगीवर फिरून येते आणि मग काही इलाज राहत नाही.

माया (शिवणीच्या बाहेर सोडलेले जादा कापड) बाजूच्या शिवणीला दीड सेंमी ठेवा, पुढे सैल करायची शक्यता असेल तर अडीच. गळ्याला मात्र ६ ते ७ मिमीच, कारण गोलाईत जास्त माया उलटताना दाटते आणि कात्रे द्यावे लागतात. बाही चढवताना तिचा माथा मुंढ्यापेक्षा (बाही जिथे जोडतात त्या बॉडीच्या गोलाईपेक्षा) थोडा मोठा असतो, आणि तो असायलाच हवा. माथ्यावर मायेच्या आत ४ मिमीच्या लांब टाक्यांच्या २ ओळी घाला, खालचे दोरे हलके ओढून जादा कापड सारखे पसरवा, चुणी न पडता ते जिरले पाहिजे. बाही खाली, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या बाजूला आणि बॉडी वर ठेवून शिवली, तर दाते जादा कापड आपोआप आत ओढून घेतात.

घरी शिवण्याचा खरा आनंद इथे आहे. पाठ रुंद, खांदा उतरता, एक हात किंचित लांब, हे सगळे कपड्यात उतरवता येते. खिसा हाताच्या पंजाएवढा खोल ठेवता येतो. आतली शिवण इतकी स्वच्छ करता येते की कपडा उलटा घातला तरी चालेल: उलट बाजू एकमेकींना लावून ६ मिमीवर टीप, माया ३ मिमीपर्यंत छाटणे, उलटवून इस्त्री आणि ९ मिमीवर दुसरी टीप. दीड सेंमीच्या मायेत हे बरोबर बसते, पातळ कापडाला इंटरलॉकची गरज उरत नाही. प्रत्येक टिपेनंतर इस्त्री, पुढची शिवण तिला छेदण्याआधी. हा वेळ वाचवला की कपडा घरगुती दिसतो.

या मशीनच्या उणिवाही आहेत. ४ पायऱ्यांच्या काजाची एक बाजू पुढे जाताना आणि दुसरी मागे येताना शिवली जाते, म्हणून एक दाट, एक विरळ होते. कापडाखाली फ्युजिंग घालून आणि त्याच कापडाच्या चिंधीवर आधी काज करून पाहिल्याशिवाय शर्टाला हात लावू नका. काजाची लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक त्याची जाडी. जीन्सच्या जोडावर फूट तिरका होतो आणि टाके अडतात. मागे तेवढ्याच जाडीची घडी सरकवून फूट सपाट करा, १००/१६ ची जाड सुई लावा आणि तो जोड हाताने चाक आपल्याकडे फिरवत पार करा. ताणणाऱ्या कापडावर टाके सुटतात ते साध्या सुईमुळे. स्ट्रेच सुई आणि अर्धा मिमी रुंदीचा झिगझॅग लावला की सुटायचे थांबतात. सुई सुमारे ८ तासांच्या शिवणकामानंतर बदला. सगळ्या सामानात हाच खर्च सर्वात लहान आहे आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात.

नवीन मशीन बघायला जाताना स्वतःचे कापड न्या: पातळ सुती, जीन्सचा तुकडा, टी-शर्टचा तुकडा. वर लाल आणि खाली निळा दोरा घालून प्रत्येकावर वीतभर टीप मारा. मग बॉबिन केस काढा, बसवा, पुन्हा तीच टीप मारा. दोन्ही वेळा टाका सारखा आला आणि सुट्या केस व बॉबिन वेगळ्या विकत मिळत असल्या, तर घ्या. बोटांना केस बसल्याची स्पष्ट 'टक' जाणवत नसेल, तर ते मशीन तिथेच सोडा.