सप्लायवर ५.०२, बोर्डावर ४.४२: व्हिडिओ गेमच्या दुरुस्तीत झालेली माझी फसवणूक

माझे थोरले बंधू १९९४ पासून साधारण दहा वर्षे नागपुरातल्या महालात, बडकस चौकाच्या अलीकडे, व्हिडिओ गेमचे एक छोटे पार्लर चालवत असत. घरोघरी संगणक आले तसे पार्लर बंद झाले, पण प्लायवूडची एक मशीन आणि दोन बोर्डे दादाने विकली नाहीत. त्यातले एक एसएनके कंपनीचे निओ जिओचे बोर्ड होते, ज्यात 'किंग ऑफ फायटर्स ९७' ची कार्ट्रिज, म्हणजे गेम साठवलेली बदलता येणारी डबी, बसवलेली होती. दुसरे कॅपकॉमचे, १९९३ सालच्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' चे, ज्याला आपल्याकडची सगळी पोरे 'मुस्तफा' म्हणत. दादा गेल्यानंतर ही मशीन माझ्याकडे आली. यंदा फेब्रुवारीत ती सुरू करून पाहावी असे मनात आले आणि तिथून पुढच्या तीन महिन्यांत मी पैसेही गमावले आणि एक बोर्डही गमावले. जुनी मशीन कुणाच्या घरी पडून असेल आणि ती दुरुस्तीला देण्याचा विचार असेल, तर हा अनुभव आधी वाचावा म्हणून तो तपशिलाने लिहीत आहे.

मशीनचे बटण दाबल्यावर पडद्यावर रंगीत चौकटींचा कचरा दिसत असे, तो क्षणभर नाहीसा होऊन पुन्हा येत असे आणि स्पीकरमधून घड्याळासारखी, पण घड्याळापेक्षा कितीतरी घाईची 'टक-टक-टक' ऐकू येत असे. आज मला ठाऊक आहे की हा आवाज वॉचडॉगचा असतो. निओ जिओच्या बोर्डात मुख्य प्रोसेसरने सुमारे ०.१३ सेकंदाच्या आत 'मी जागा आहे' असा इशारा दिला नाही, तर वॉचडॉग त्याला रीसेट करतो, आणि इशारा येतच नसेल तर रीसेटची ही फेरी अखंड चालू राहते. म्हणजे प्रोग्राम नीट चालत नाही एवढेच त्या टकटकीवरून कळते, तो का चालत नाही हे कळत नाही. कारण मेमरी असू शकते, गंजलेला मार्ग असू शकतो, मळलेली कार्ट्रिज असू शकते, आणि सर्वांत साधे म्हणजे बोर्डापर्यंत पुरेसे व्होल्टेज पोचत नसणे हेही असू शकते. त्या वेळी मला यातले काहीच माहीत नव्हते.

सीताबर्डीवरच्या एका गल्लीतील दुरुस्तीवाल्याचे नाव मला ओळखीतून कळले. त्याने बोर्ड ठेवून घेतले, दोन दिवसांनी फोन केला आणि म्हणाला, "साहेब, याचा प्रोसेसर उडला. अडुसष्ट हजारवाला आहे, बाहेरून मागवावा लागते." 'अडुसष्ट हजार' ही किंमत नव्हे, तो प्रोसेसरचा क्रमांक, ६८०००. साडेसहा हजार रुपये आगाऊ मागितले, ते मी यूपीआयने दिले. तीन आठवड्यांनी दुकानात गेलो तेव्हा बोर्ड त्याच्या टेबलावर छान चालत होते. त्याने क्रमांक नसलेल्या कागदावर '६८००० नवीन बसवला' असे लिहून दिले आणि पुरावा म्हणून जुना, 'जळालेला' प्रोसेसर प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात ठेवला. त्या पिशवीने माझे पूर्ण समाधान झाले, हे लिहिताना आता लाज वाटते.

घरी आणून जोडले तर पुन्हा तीच टकटक. यावर त्याचे म्हणणे असे की उन्हाळ्यात सगळ्यांचे कूलर लागले की लाइनचे व्होल्टेज पडते, आणि तुमच्या सप्लायची (घरच्या विजेपासून बोर्डाला लागणारे व्होल्टेज बनवणाऱ्या डब्याची) उणे पाच व्होल्टची लाइन गेली आहे, म्हणून नवा सप्लाय घ्या. ३,२०० रुपयांचा सप्लाय घेतला. या दोन्ही गोष्टी निखालस खोट्या होत्या. स्विचिंग सप्लाय लाइन २३० वरून २०० वर आली तरी बाहेर पाच व्होल्टच देतो, त्यासाठीच तो बनवलेला असतो. आणि उणे पाच व्होल्टची गरज काही जुन्या बोर्डांना आवाजाच्या भागासाठी असे, निओ जिओच्या बोर्डाला ते लागतच नाही. नवा सप्लाय लावूनही फरक पडला नाही, तेव्हा त्याने मला दोन्ही बोर्डे घेऊन दुकानात बोलावले.

त्या दिवशी जे घडले ते मी अगदी जवळून पाहिले आणि तरीही मला ते दिसले नाही. निओ जिओचे बोर्ड टेबलावरच्या कनेक्टरमध्ये खोचताना त्याने डाव्या हाताने सप्लाय स्वतःकडे किंचित वळवला आणि उजव्या हातातल्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने टर्मिनलशेजारचा छोटा नारिंगी खुंट पाव फेरा फिरवला. मला वाटले, चित्राचा उजेड जुळवत असावा. मग बटण दाबले, तर पडद्यावर कचरा आणि स्पीकरमध्ये टकटक. "आता कस्टम चिप गेली साहेब, ही एसएनकेची स्वतःची चिप, जगात कुठे विकत भेटत नाही." कस्टम चिपबद्दलचे हे वाक्य बरेचसे खरे आहे, म्हणूनच ते पटते. त्यानंतर मुस्तफाचे बोर्ड लावले, तर तेही गोठलेले. दोन्ही भंगार, असे सांगून त्याने प्रत्येकी दीड हजार देऊ केले. निओ जिओच्या बोर्डात दादाचा जीव होता म्हणून ते मी परत आणले. मुस्तफा मात्र रोख दीड हजारात तिथेच सोडून आलो, त्याची पावतीही घेतली नाही.

मी तीस वर्षे हिशेबतपासनीस होतो. दोन निरनिराळ्या कंपन्यांची दोन बोर्डे, त्यांपैकी एक आठवड्याभरापूर्वी त्याच टेबलावर चालताना मी स्वतः पाहिलेले, आणि दोन्ही दहा मिनिटांच्या अंतराने मेली. दोन्हींत सामाईक असलेली एकच गोष्ट म्हणजे त्याचा सप्लाय. दुसऱ्याच्या वह्यांत हे असे काही दिसले असते तर मी त्यावर पानभर शेरा लिहिला असता.

उलगडा मेअखेरीस झाला. दादाची मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकते, ती सुट्टीत घरी आली आणि तिने मशीनचे मागचे दार उघडून पहिल्यांदा मल्टिमीटर मागितला. मी सप्लायच्या टर्मिनलवर टोके ठेवून ५.०२ वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "काका, सप्लायवर नाही, बोर्डावर मोजा. आणि बोर्ड चालू असतानाच." बोर्डावरच्याच एका चिपच्या पाच व्होल्टच्या पायावर लाल टोक आणि तिच्याच ग्राउंडच्या पायावर काळे टोक ठेवले, तर आकडा आला ४.४२. त्या काळच्या टीटीएल जातीच्या, पाच व्होल्टवर चालणाऱ्या चिपांना ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान व्होल्टेज लागते. त्याखाली बोर्ड जळत नाही, पण काय करील याचा नेम राहत नाही.

मधले ०.६० व्होल्ट गेले कुठे, हे तिने आणखी दोन मोजण्यांत शोधले. एक टोक सप्लायच्या पाच व्होल्टवर आणि दुसरे बोर्डाच्या पाच व्होल्टवर ठेवले तर ०.४ आले. सप्लायचे ग्राउंड आणि बोर्डाचे ग्राउंड यांच्यात ०.२ आले, जिथे जवळजवळ शून्य यायला हवे. बोर्डाच्या कडेला खोचतो तो जॅमा कनेक्टर ५६ स्पर्शांचा असतो, एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८. त्यांतले तिसरे आणि चौथे, दोन्ही बाजूंचे मिळून चार स्पर्श पाच व्होल्टसाठी दिलेले आहेत आणि ग्राउंडसाठी दोन्ही टोकांना मिळून आठ. आमच्या मशीनचे वायरिंग ज्याने केले होते त्याने तार वाचवली होती: पाच व्होल्टला एकच बारीक तार, ग्राउंडला दोन. शिवाय मशीन इतकी वर्षे कूलरच्या झोताच्या वाटेत उभी असल्याने त्या ओल्या हवेत स्पर्शांवर काळपट थर चढला होता. बोर्ड चार अँपिअर ओढत असेल आणि तारा व सांधे मिळून ०.१५ ओहम रोध असेल, तर ०.६ व्होल्ट वाटेतच संपतात. बोर्ड काढून मोजले तर प्रवाहच नसतो, म्हणून कनेक्टरवरही आकडा पाचच दिसतो आणि माणूस फसतो.

बोर्डाची सोनेरी कड खोडरबराने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, कनेक्टर नवा घातला, चारही स्पर्शांना जाड तारा ओढल्या आणि ग्राउंडचे आठही जोडले. सामानाला ३४० रुपये लागले. बोर्डावर ४.९८ आले आणि गेम सुरू झाला. तार तशीच ठेवून सप्लायचा व्होल्टेज कमी-जास्त करणारा खुंट वाढवत ५.६ पर्यंत नेण्याचा उपाय काही जण करतात, तो करू नये. उद्या कमी प्रवाह ओढणारे दुसरे बोर्ड लावले, तर तारेत घट कमी होते आणि ते वाढीव व्होल्टेज सरळ चिपांवर जाते.

खुंटाचा प्रश्न निघाला तेव्हाच मला दुकानातला तो पाव फेरा आठवला. त्याच्या टेबलावरच्या तारा चांगल्या होत्या, म्हणून माझे बोर्ड तिथे पहिल्या दिवसापासून चालतच असणार. ते 'बिघडवून' दाखवायला त्याला खुंट खाली आणणे पुरेसे होते आणि 'दुरुस्त' करायला वर नेणे. पुतणीने आमच्या सप्लायवर तसे करून दाखवले: ४.५ च्या आसपास टकटक, पुन्हा पाचवर आणले की सुरळीत.

मग मी ती प्लास्टिकची पिशवी काढली. चिपेवर बहुधा चार आकडी तारीख छापलेली असते, पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे. बोर्डावरच्या 'नव्या' प्रोसेसरवर ९१२८ होते, म्हणजे १९९१ चा २८ वा आठवडा. बोर्ड उलटे करून पाहिले तर त्याच्या ६४ पायांचे कथील शेजारच्या चिपांइतकेच निस्तेज होते आणि खाली जुनी धूळ तशीच बसलेली होती. तिथे कुणी डाग दिलेलाच नव्हता. पिशवीतल्या 'जुन्या' प्रोसेसरवर ९६१२ होते. दादाच्या फायलीत या बोर्डाची पावती डिसेंबर १९९४ ची आहे. १९९४ साली घेतलेल्या बोर्डातून १९९६ साली बनलेली चिप निघू शकत नाही.

जो खरा धोका होता, तो त्या माणसाने पाहिलाही नव्हता. बोर्डावरची ३.६ व्होल्टची बॅटरी पाझरून भोवती हिरवट थर धरू लागली होती. तो रस हळूहळू तांब्याचे मार्ग खातो. पुतणीने बॅटरी कापून काढली आणि जागा स्वच्छ केली. तिच्यावाचून गेम चालतो, फक्त सेटिंग आणि नाण्यांचा हिशेब मशीन बंद केल्यावर पुसला जातो.

बोर्ड कुणाकडे देण्यापूर्वी मी आता पुढून-मागून असे फोटो काढतो की प्रत्येक चिपेवरचा तारखेचा आकडा वाचता येईल, आणि दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर बोर्ड चालू असताना त्यावरचे पाच व्होल्ट माझ्या मीटरने मोजू देतो का, हे आधी विचारतो. मोजू देत नसेल, तर बोर्ड उचलून परत आणतो.

जूनमध्ये जुन्या सामानाच्या एका ऑनलाइन जाहिरातीत मुस्तफाचे एक बोर्ड दिसले, 'चालू स्थितीत', किंमत १४,०००. फोटोत एका रॉमच्या, म्हणजे गेम साठवणाऱ्या चिपेच्या, स्टिकरवर निळ्या शाईत '७' लिहिलेला दिसतो. पार्लरमधल्या बोर्डांना दादा असेच क्रमांक घालत असे, आणि त्याचा सात मला ओळखता येतो. त्या बोर्डाबाबत माझ्याकडे एकही कागद नाही. साडेसहा हजार आणि सप्लायचे ३,२०० यांचे मात्र यूपीआयचे पुरावे, ती हाताने लिहिलेली चिठ्ठी आणि पिशवीतली चिप आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे आणि दुकानदाराला पोस्टाने नोटीसही पाठवली आहे. नोटिशीतली पंधरा दिवसांची मुदत येत्या सोमवारी संपते.