फायरवॉलच्या फटींसाठी फायर-रेटेड सिलिकॉन: काही महिन्यांच्या उड्डाणांनंतर

इमारतींच्या कामासाठी मिळणारं करड्या रंगाचं फायर-रेटेड सिलिकॉन होमबिल्ट (स्वतः बांधलेल्या) विमानाच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या आग अडवणाऱ्या पत्र्यावर, लावून आता बरेच महिने झाले. ऑइल बदलताना दर वेळी काउल (इंजिनवरचं झाकण) उघडतंच, त्यामुळे कुठला सांधा टिकला आणि कुठला सुटला हे जवळून बघता आलं. मत आधीच सांगून टाकतो: पत्र्यावर पत्रा बसतो तिथल्या एक-दीड मिलिमीटरच्या फटीला माल उत्तम. बोटभर भोक बुजवायला मात्र कुठलीच ट्यूब कामाची नाही, तिथे स्टीलच हवं.

ट्यूबवर छापलेल्या 'तीन तास' वगैरे रेटिंगवर भाळू नका. इमारतीच्या चाचणीतली भट्टी टप्प्याटप्प्याने तापते. पाच मिनिटांनी ५३८ अंश सेल्सिअस, तासाने सुमारे ९२७. विमानाच्या फायरवॉलची कसोटी म्हणजे पहिल्या क्षणापासून सुमारे १,१०० अंशांची ज्वाला, सलग १५ मिनिटं. शिवाय इमारतीत हे सिलिकॉन जाड भिंतीच्या आधाराने बसतं. इथे आधार असतो जेमतेम ०.३८ ते ०.४५ मिलिमीटरच्या स्टेनलेस पत्र्याचा, आणि तोही इंजिनबरोबर थरथरणारा. म्हणून आग अडवायचं काम धातूचं, सिलिकॉनचं काम धूर आणि वायू अडवायचं, असा हिशेब ठेवलेला बरा.

लावताना सगळं यश साफसफाईत आहे. पत्रा खरखरीत घासणीने घासून ॲसिटोनने पुसायचा, फडकं काळं होणं थांबेपर्यंत, आणि दर वेळी फडक्याची नवी बाजू घेऊन. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मध्ये सिलिकॉनचा पाचेक मिलिमीटरचा बीड (सलग रेघ), तो बोटाने दाबून आत बसवायचा आणि साय धरायच्या आत टेप ओढून काढायची. हा माल हवेतल्या ओलाव्यावर पिकतो, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. जाड गोळा कोंबला की वरून कडक, आत कच्चा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊच नका. त्यातलं ॲसिड ॲल्युमिनियम आणि तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर (पिकताना ॲसिड न सोडणारं) लिहिलेलंच घ्या.

टिकलं कुठे? वरच्या कडेचे सांधे, इंजिन माउंटच्या बोल्टांभोवतीची जागा, नटप्लेटच्या (पत्र्याला पक्क्या बसवलेल्या नटांच्या) कडा, सगळं जसंच्या तसं. सुटलं ते खालच्या कोपऱ्यांत, जिथे फायरवॉल पोटाच्या पत्र्याला मिळते. तिथे ऑइल साचतं, आणि रिव्हेटच्या डोक्यांभोवती आधीचा तेलकटपणा राहिलेला होता. कड नखाने उचलली की सिलिकॉनची अख्खी पट्टी निघून येते आणि खालचा पत्रा चकचकीत दिसतो. असं दिसलं तर दोष सफाईचा, मालाचा नव्हे.

थ्रॉटल केबल (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी) फायरवॉलमधून जाते तिथे तर हे लावूच नये. इंजिन हललं की केबलही हलते, सिलिकॉन फाटतं किंवा केबल जड होते. तिथे स्टीलचं आयबॉल फिटिंग, म्हणजे केबलबरोबर फिरणारा भोकाचा गोळा. ॲल्युमिनियमचं स्वस्त पडतं, पण ते ६६० अंशांना वितळतं, मग भोक उघडंच. इंधनाच्या बल्कहेड फिटिंगलाही (इंधनाची नळी फायरवॉलमधून पार नेणाऱ्या जोडाला) हाच नियम: निळं ॲल्युमिनियमचं नको, स्टीलचं घ्या. वायरींच्या जुडग्यासाठी रबरी ग्रोमेटऐवजी (भोकाच्या कडेला बसणाऱ्या कड्याऐवजी) फ्लँज, म्हणजे पसरट कड, असलेली स्टेनलेस नळी, तिच्यावर फायरस्लीव्ह (आग सोसणारं वेष्टण), वेष्टणाच्या दोन्ही टोकांना स्टेनलेस क्लॅम्प, आणि वायरींमधल्या पोकळीपुरतंच सिलिकॉन. हीटरची ॲल्युमिनियमची पेटी आणि ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट हमखास विसरले जातात. पॉप रिव्हेटची मधली पोकळी स्वतःच एक बारीक गळती असते.

तपासायला अंधार आणि प्रखर टॉर्च पुरे. एकाने कॉकपिटमधून उजेड टाकायचा, दुसऱ्याने इंजिनच्या बाजूने बघायचं. पेडलच्या मागचे कोपरे आधी. उजेड कुठेच दिसत नाही आणि तरी सीओ मीटर (विषारी कार्बन मोनॉक्साइड मोजणारं) आकडा दाखवतो, असं झालं तर कॅनोपीच्या आणि शेपटीकडच्या फटी बघा. एक्झॉस्टचा वायू पोटाखालून मागे जाऊन तिथूनही आत ओढला जातो.

आणखी एक, रंग बाकी असेल तर ही ट्यूब शेडमध्ये उघडू नका. सिलिकॉनचं बोट लागलेला पत्रा रंग धरत नाही, खड्डे पडतात.