तंतुकणिकेचा फायबरचा छेद-नमुना: घ्यावा, पण दुरुस्तीची तयारी ठेवून

सांगलीत शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेचा, एक मोठा छेद-नमुना (आतली रचना दिसावी म्हणून कापलेला) मिळतो. फायबरचा, लाकडी फळीवर बसवलेला, 45 सेमी लांब, 18 सेमी रुंद, 6 सेमी खोल. किंमत 3,200 रुपये, बिल जीएसटीसह. सातारा, कराड, विटा, जतपर्यंतची बरीच कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयं प्रयोगशाळेसाठी अशीच खरेदी करतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत. सस्तन प्राण्यांच्या ऊतींमधली तंतुकणिका शिकवायला तो कितपत उपयोगी आहे, एवढाच आमचा प्रश्न होता.

साहित्य चांगलं आहे. याच आकाराचे प्लास्टर ऑफ पॅरिसचे नमुने थोडे स्वस्त पडतात, पण कृष्णाकाठच्या पावसाळ्यात ते ओल धरतात, रंग सुटतो आणि कडा पिठासारख्या झडतात. फायबरला हा त्रास नाही. मागे दोन हुक आहेत, भिंतीवरही टांगता येतो.

आता प्रमाण. नमुन्यासोबतच्या कागदावर ते छापलेलं नाही, पण काढणं सोपं आहे. 1.5 मायक्रोमीटर लांबीची तंतुकणिका 45 सेमी केली, म्हणजे 3 लाख पट. 1 नॅनोमीटर बरोबर 0.3 मिमी. हे एक वाक्य फळीवर लिहून ठेवावं. पट्टी हातात घेऊन एकेक भाग मोजला, की काय बरोबर आणि काय चूक ते विद्यार्थ्यांना स्वतःच दिसतं.

तंतुकणिकेला बाह्य आणि अंतः अशी दोन आवरणं असतात. प्रत्येक आवरणाची जाडी सुमारे 7 नॅनोमीटर, म्हणजे इथे 2 मिमी हवी. आहे 5 मिमी. फायबर त्याहून पातळ ओतलं तर तडकतं, त्यामुळे ही तडजोड समजण्यासारखी आहे. दोन आवरणांमधली फट 10 ते 20 नॅनोमीटर, म्हणजे 3 ते 6 मिमी हवी. आहे 15 मिमी. प्रत्यक्षात बाह्य आवरण आणि अंतः आवरणाचा कडेचा भाग एकमेकांना जवळजवळ लागून धावतात, काही ठिकाणी तर चिकटलेलेच असतात. हे नमुन्यात दुरुस्त होण्यासारखं नाही, शिकवताना तोंडी सांगावं लागतं.

बाह्य आवरणाला पाडलेली भोकं मात्र बुजवायलाच हवीत. ती 5 मिमीची आहेत, म्हणजे जवळजवळ 17 नॅनोमीटर. ही भोकं ज्याच्यासाठी आहेत त्या पोरिन या आवरणातल्या प्रथिनाचं खरं छिद्र जेमतेम 3 नॅनोमीटरचं. त्यातून साधारण 5,000 डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक) रेणू जातात, मोठी प्रथिनं नाहीत. दोन आवरणांमधलं सायटोक्रोम सी हे छोटं प्रथिन सुमारे 12,000 डाल्टनचं, आकाराने 3 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे या नमुन्यात 1 मिमीचा कण. 5 मिमीच्या भोकातून तो सहज बाहेर पडेल, आणि जिवंत पेशीत तो बाहेर पडणं ही पेशी मरण्याची एक मोठी पायरी आहे. भोकं एम-सीलने भरून, 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, रंग देऊन वर काळ्या जेल पेनने ठिपके द्यावेत. ठिपका 1 मिमीहून मोठा नको.

खरी चूक क्रिस्टींमध्ये, म्हणजे अंतः आवरणाच्या आत वळलेल्या घड्यांमध्ये, आहे. नमुन्यात नऊ घड्या आहेत आणि प्रत्येकीचं तोंड कडेला 35 मिमी रुंद उघडं आहे. हे चित्र 1950च्या दशकातलं. 1952 मध्ये पेशीशास्त्रज्ञ जॉर्ज पॅलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या पातळ कापांवरून आतल्या आवरणाच्या रुंद घड्या दाखवल्या, आणि पाठ्यपुस्तकांत तेच चित्र रुजलं. 1990च्या दशकात टोमोग्राफीने (अनेक कोनांतून घेतलेल्या प्रतिमा जोडून) तंतुकणिकेची त्रिमिती प्रतिमा मिळू लागली तेव्हा दिसलं, की क्रिस्टा कडेच्या आवरणाला अरुंद नळीसारख्या मानेने जोडलेली असते. मानेचा व्यास सुमारे 28 नॅनोमीटर, म्हणजे नमुन्यात 8 मिमी हवा. एका चपट्या क्रिस्टीला अशा अनेक माना असू शकतात. तोंड आवळलेल्या बटव्यासारखी ही रचना आहे, आणि सायटोक्रोम सीचा बहुतांश साठा या आवळलेल्या तोंडांच्या आतच असतो. मायकॉस नावाचा प्रथिनसमूह आणि ओपीए1 हे प्रथिन ही मान टिकवतात. पेशीमृत्यूच्या वेळी माना रुंदावतात आणि साठा सुटतो. ज्याच्या डोळ्यांसमोर 35 मिमीचं उघडं तोंड आहे, त्याला यातलं काहीच कळणार नाही.

दुरुस्ती अशी. 2 मिमी जाडीची पारदर्शक नसलेली ॲक्रिलिक शीट घ्यावी. जाडीही योगायोगाने आवरणाच्या मापाची आहे. नंबरप्लेट आणि नामफलक करणारे 60 बाय 35 मिमीच्या पट्ट्या कापून, प्रत्येकीत 8 मिमीची दोन-तीन भोकं पाडून देतात. समोरच्या कापाकडून पट्टी फटीत सरकवायची, घडीच्या तोंडावर बसवायची आणि कडा एम-सीलने बंद करायच्या. एम-सीलचे दोन्ही भाग समान घ्यावेत, एकसारखा रंग येईपर्यंत मळावेत आणि एका वेळी दोन पट्ट्यांना पुरेल एवढंच करावं, नाहीतर हातातच घट्ट होतं. रात्रभर वाळू द्यावं. मग अंतः आवरणाच्याच रंगाचा इनॅमल.

इथे एक गोष्ट चुकण्याची फार शक्यता असते. सगळी भोकं पट्टीच्या मध्यावर पाडली, तर समोरून पाहताना क्रिस्टा कडेपासून तुटलेली, मॅट्रिक्समध्ये (अंतः आवरणाच्या आतल्या गाभ्यात) तरंगणारी दिसते. वास्तविक सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा असंच दिसतं, कारण काप 60 ते 80 नॅनोमीटर जाड असतो आणि त्यात मान सापडेलच असं नाही. म्हणून नऊपैकी चार पट्ट्यांत एक भोक समोरच्या कडेवर अर्धं कापून घ्यावं. चार ठिकाणी मान दिसते, पाच ठिकाणी दिसत नाही, आणि मुलं प्रत्यक्ष मायक्रोग्राफ, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं छायाचित्र, वाचायला शिकतात. या नमुन्याचा हा सर्वांत मोठा उपयोग, आणि तो दुरुस्तीनंतरच मिळतो.

एटीपी सिंथेज (एटीपी हा ऊर्जा-रेणू बनवणारं, आवरणातून डोकं बाहेर काढलेलं विकर) दाखवायला 8 मिमीचे पिवळे गोळे आहेत. डोक्याचा खरा व्यास 10 नॅनोमीटर, म्हणजे 3 मिमी पुरे. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचे निळे गोळेही 8 मिमीचेच. ते मात्र मापात बरोबर आहेत. त्यामुळे मुलांना दोन्ही एकाच आकाराचे वाटतात. शिवाय दोन क्रिस्टींवर पिवळे गोळे घडीच्या आतल्या पोकळीकडे तोंड करून चिकटवले आहेत. ते कधीही तसे नसतात. डोकं मॅट्रिक्सच्याच बाजूला. सगळे काढून टाकावेत. ते ग्लू-गनने चकचकीत रंगावर लावलेले आहेत, नखाने सुटतात. पुन्हा लावताना रंग खरवडून इपॉक्सी वापरावं.

नवे 3 मिमीचे मणी गणपती पेठेत मिळतात. ते सगळीकडे पसरू नयेत. एटीपी सिंथेज जोडीने असतं, जोडीची दोन डोकी इंग्रजी व्हीसारखी फाकलेली, आणि या जोड्यांच्या रांगा क्रिस्टीच्या वळलेल्या कडेवर असतात. श्वसनसाखळीची (ऑक्सिजनपर्यंत इलेक्ट्रॉन पोचवणारी) प्रथिन-संकुलं मुख्यतः सपाट भागावर. 60 मिमीच्या कडेवर सोळा जोड्या, म्हणजे बत्तीस मणी बसतात. नऊही क्रिस्टींवर लावत बसायची गरज नाही, दोन पुरेत. बाकीच्या कडांवर पिवळी रेघ ओढावी.

डीएनएसाठी चिकटवलेलं लाल रिंगण निरुपयोगी आहे. माणसाच्या तंतुकणिकेचा डीएनए 16,569 बेस-जोड्यांचा, सरळ केला तर 5.6 मायक्रोमीटर, या प्रमाणात 1.7 मीटर. 0.6 मिमी जाडीचा तेवढा दोरा घेऊन टोकं जोडावीत आणि 3 सेमीच्या गोळ्यात गुंडाळून मॅट्रिक्समध्ये बसवावा. प्रथिनांनी घट्ट बांधलेला डीएनए साधारण 100 नॅनोमीटरच्या पुंजक्यात मावतो, ते त्यातून नीट उमगतं. रायबोसोमच्या स्टिकरवरचं 70एस खोडून 55एस लिहावं (एस हे अपकेंद्रित्रात कण किती वेगाने खाली बसतो त्याचं माप). 70एस जिवाणूंचं, सस्तन प्राण्यांच्या तंतुकणिकेचं नाही.

दुकानात हाच नमुना ‘हृदय, यकृत, सर्वांसाठी’ म्हणून दाखवतात. ते मान्य करता येत नाही. 1.5 मायक्रोमीटरमध्ये नऊ क्रिस्टी हे यकृतपेशीशी जुळणारं चित्र आहे. हृदयस्नायूत क्रिस्टींचं प्रमाण सुमारे तिप्पट. इथे सत्तावीस घड्या घालायच्या म्हटलं तर 5 मिमीच्या दोन भिंती आणि 6 मिमीची पोकळी धरून 43 सेमी त्यातच जातात, मॅट्रिक्सला जागाच उरत नाही. अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, क्रिस्टी बहुधा नळ्यांसारख्या असतात, तपकिरी मेदात दाट आणि चपट्या. त्या दोन्ही या साच्यातून निघणार नाहीत. फळीवर ‘यकृत’ असं स्पष्ट लिहावं आणि हृदयासाठी मायक्रोग्राफची मोठी छपाई शेजारी लावावी.

अकरावी-बारावी आणि बीएस्सीला दुरुस्त केलेला नमुना उत्तम चालतो. दुरुस्तीचं सामान 400 रुपयांच्या आत येतं. एमएस्सीला एकट्या याच्यावर भागणार नाही. याचाच 25 सेमीचा लहान भाऊ 1,400 रुपयांना मिळतो, तो घेऊ नये: त्यात मान साडेचार मिमीची आणि एटीपी सिंथेजचं डोकं दीड मिमीच्या आसपास येतं, हाताने काम होत नाही.

मागणी देताना नावांचे स्टिकर न लावता सुटे द्यायला सांगावं, दुकानदार देतात. एसटीच्या पार्सलने पाठवणार असतील तर फळीचे चारही कोपरे थर्माकोलने बांधून घ्यावेत. नमुना सहसा तिथेच तडकून येतो.